आवाज मोठा, पल्ला छोटा



या सदरात आपण दारातल्या यंत्रांविषयी बोलत असतो. विहिरीवरची मोटार, फवारणीचा पंप, कडबाकुट्टी ही जशी प्रपंचाची यंत्रे, तशीच आता मोटारसायकल. बैलजोडी नसलेले घर गावात सहज सापडते, मोटारसायकल नसलेले घर मात्र शोधावे लागते. दूध डेअरीवर न्यायचे तर ती, खताची पिशवी आणायची तर ती, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे तरी तीच. म्हणून आज तिच्या दोन गोष्टींचा विचार करू. एक म्हणजे तिच्या टाकीत जाणारे पेट्रोल आणि दुसरी म्हणजे तिच्या नळीतून बाहेर पडणारा आवाज. वरवर पाहता या गोष्टी वेगळ्या वाटतात. पण नीट पाहिले तर दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो.

बजाजनगरचे उदाहरण

यासाठी आपण छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरचे उदाहरण घेऊ. पुणे रस्त्यावर, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, वडगाव कोल्हाटीला लागून ही वस्ती आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. कामगारांसाठी घरे झाली, भाड्याच्या खोल्या झाल्या आणि त्या वस्तीला कंपनीचेच नाव पडले. मराठवाड्यातल्या किती कोरडवाहू घरांना या कारखान्यांनी हात दिला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. घरची तीन-चार एकर जमीन, तीत कापूस आणि मका, एक भाऊ शेतावर आणि एक भाऊ वाळूजच्या कंपनीत, अशी घरे गंगापूर, पैठण, खुलताबाद या तालुक्यांत गावोगाव आहेत.

यांतली कित्येक मुले बजाजनगरात खोली करून राहतात आणि कित्येक रोज गावाहून मोटारसायकलवर येऊन-जाऊन करतात. कारखाने पाळ्यांनी चालतात. पहिली पाळी सुटते तेव्हा दुसरी भरते आणि दुसरी सुटते तेव्हा रात्रपाळी. म्हणजे या वस्तीत दिवसाच्या कोणत्याही घटकेला कोणी कामावर निघालेले असते, कोणी परतलेले असते आणि कोणी झोपलेले असते. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

फटफटीचा वारसा

आपल्याकडे मोटारसायकलला आधी नाव पडले तेच मुळी आवाजावरून, ‘फटफटी’. १९५५ पासून मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, साठीच्या दशकात जावा आणि राजदूत आल्या. त्या काळी गाडी गावाच्या शिवेवर असतानाच कळायचे की कोण आले. आवाज म्हणजे मान, ही समजूत तेव्हापासून रुजली.

पुढे पेट्रोल महागले आणि गाड्याही बदलल्या. जावा, राजदूत यांची इंजिने टू-स्ट्रोक होती. त्यांत पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे आणि थोडे ताजे पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर पडे. १९८५ साली, म्हणजे वाळूजचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, हीरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी आली आणि ‘लिटरला किती जाते?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी झाला. १९८६ मध्ये आलेल्या बजाजच्या एम-८० ने दुधाच्या किटल्या आणि खताच्या पिशव्या वाहिल्या. १९९१ मध्ये बजाजने कावासाकीबरोबर ४एस चॅम्पियन ही फोर-स्ट्रोक गाडी काढली. त्यानंतरच्या साध्या गाड्यांकडे पाहा. त्यांची ऐट आवाजात नाही, पल्ल्यात आहे. टाकी भरली की आठवडा निघाला, हीच त्यांची मिजास.

आणि आता काय दिसते? घरच्यांनी कर्ज काढून, नाहीतर कापसाच्या पैशातून मुलाला गाडी घेऊन द्यावी आणि महिन्याच्या आत त्याने मूळ सायलेन्सर काढून ‘फटाका’ सायलेन्सर बसवावा, किंवा आहे त्याचीच पुंगळी काढून टाकावी. विचारले तर म्हणतो, “आप्पा, आवाज आल्याबिगर गाडी पळाल्यासारखी वाटतच नाही.” दुकानदार सांगतो की इंजिन मोकळा श्वास घेते, ताकद वाढते, अ‍ॅव्हरेजही वाढते. हे खरे की खोटे, ते आता पाहू.

सायलेन्सरच्या पोटात काय असते?

इंजिनात पेट्रोलचा प्रत्येक भडका झाला की जळालेला वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो. गाडी रस्त्याला लागली की असे धक्के एका मिनिटात हजारोंनी बसतात. ते उघड्यावर सोडले तर प्रत्येकाचा बार होईल. सायलेन्सरच्या पोटात कप्पे असतात, मध्ये पडदे असतात आणि भोकाभोकांची नळी असते. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना पसरतो, थंडावतो, त्याच्या लाटा एकमेकींना मारतात आणि शेवटी तो गुमान बाहेर पडतो. पाटाच्या पाण्याचा जोर कमी करायला आपण मध्ये हौद बांधतो, तसेच हे.

पण सायलेन्सरचे काम तेवढ्यावर संपत नाही. कारखान्यात इंजिन बसवताना पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण त्या सायलेन्सरला धरूनच ठरवलेले असते. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. नळी मोकळी केली की वायूचा प्रवाह बदलतो आणि हे गणित बिघडते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. इंजिन तापते, मूठ सोडली की नळीत फटफट होते, पुढे व्हॉल्व जळण्याची भीती असते. मग मेकॅनिक काय करतो? मोठा जेट टाकतो. मोठा जेट म्हणजे जास्त पेट्रोल. ताकद वाढल्याचा भास होतो, पण अ‍ॅव्हरेज घसरते. जुन्या टू-स्ट्रोक गाडीत तर सायलेन्सरचा फुगीर आकार बाहेर निसटणारे ताजे मिश्रण परत आत ढकलायचे काम करतो. तो काढला की ताकद उलट कमी होते.

शर्यतीच्या गाड्यांचे सायलेन्सर वेगळे असतात, हे खरे. पण तिथे सगळे इंजिनच त्या नळीप्रमाणे जुळवलेले असते. शंभर सीसीच्या घरगुती गाडीला नुसती नळी बदलून शर्यतीची गाडी करता येत नाही. बैलाला घुंगरे जास्त बांधली म्हणून तो जास्त नांगरत नाही.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ नियमांच्या आहेत. त्यांच्या धुराच्या वाटेवर विषारी वायू निवळणारी एक जाळी असते. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा हात तिच्यावर दिलेला असतो. मूळ सायलेन्सर काढला की बहुधा ही जाळीही जाते आणि गाडीची वॉरंटीही धोक्यात येते. म्हणून मूळ सायलेन्सर कोणी ‘भंगाराच्या भावात’ मागितला तर देऊ नका. मागणाऱ्याला त्याची किंमत तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असू शकते.

मुलांचा आणखी एक खेळ असतो. चालत्या गाडीची चावी बंद करायची आणि लगेच चालू करायची. नळीतून बार निघतो. कार्बोरेटरच्या गाडीत त्या क्षणी न जळलेले पेट्रोल सायलेन्सरात जाते आणि तिथे पेट घेते. सायलेन्सर फाटतो, जाळी बाद होते. एवढे एकच मुलाला समजावून सांगा: जे पेट्रोल नळीत जळते, ते चाक फिरवत नाही. आधीच पेट्रोलच्या रुपयातले जेमतेम चार आणे चाक फिरवायला उपयोगी पडतात, बाकीचे उष्णता होऊन धुरावाटे आणि इंजिनच्या अंगावाटे निघून जातात. त्या चार आण्यांतूनही फटाके उडवायचे का?

वहीतला हिशेब

आता आकडे मांडू. समजा, मुलगा रोज २५ किलोमीटर जातो आणि २५ येतो. महिन्याला कामाचे २६ दिवस धरले तर १,३०० किलोमीटर झाले. पेट्रोल हिशेबासाठी १०५ रुपये लिटर धरू.

गाडी लिटरला ६० जात असेल तर महिन्याला २१.७ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे सुमारे २,२७५ रुपये.

तीच गाडी ४५ जाऊ लागली तर २८.९ लिटर लागते, म्हणजे सुमारे ३,०३३ रुपये.

फरक महिन्याला साडेसातशेच्या वर, वर्षाला नऊ हजारांच्या वर. डीएपीची पिशवी १,३५० रुपये धरली तर सहा पिशव्या खत घेऊन वर हजार रुपये उरतात. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पण टाकीला गळती असेल तर थेंबे थेंबे तळे आटतेही.

एकट्या सायलेन्सरने १५ किलोमीटर जातात, असे आमचे म्हणणे नाही. थोडे नळीने जातात, थोडे मोठ्या जेटने. सगळ्यांत जास्त जातात ते मूठ पिळण्याच्या सवयीने. आवाज ऐकण्यासाठी मूठ पिळावी लागते, आणि मूठ पिळली की पेट्रोल जाते. वेग वाढला की समोरच्या वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट होतो. म्हणूनच पेट्रोल बचतीच्या प्रचारात ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सांगितलेला असतो.

पल्ला कसा मोजावा?

कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः मोजा. गाडी मुख्य स्टँडवर उभी करून पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. किमान ३०० किलोमीटर नेहमीसारखी चालवा. मग त्याच पंपावर, तशीच उभी करून पुन्हा तेवढीच भरा. गाडी ३१२ किलोमीटर चालली आणि ५.२ लिटर पेट्रोल बसले, तर ३१२ भागिले ५.२, म्हणजे ६०. पन्नास किलोमीटरवर मोजलेला पल्ला खरा नसतो. भरण्यात पाव लिटरचा फरक पडला तरी आकडा हवेत उडतो.

ही वही घरातल्या बाईने किंवा शाळकरी मुलीने ठेवावी, असे आम्ही सुचवतो. दुधाचा रतीब चुकत नाही त्यांच्याकडून, हाही चुकणार नाही. तीन-चार नोंदी झाल्या की गाडीची प्रकृती डॉक्टरासारखी कळू लागते.

अ‍ॅव्हरेज पूर्वीपेक्षा थोडे घटलेले दिसले तर लगेच मेकॅनिकला दोष देऊ नका. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते आपल्याच उसापासून, मक्यापासून आणि धान्यापासून होते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या घडणीच्या दुचाकींचा पल्ला यामुळे ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. म्हणजे ६० ची गाडी ५८ वर येईल, ४५ वर नाही. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये आणि पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट लागते का, ते पाहावे.

रविवारचा अर्धा तास

पुढील कामे घरच्या घरी होतात.

एक, टायरची हवा. आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासा. बऱ्याच शंभर सीसी गाड्यांना पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि दोघांना ३२ असा दाब असतो. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात पाहा.

दोन, ब्रेक. गाडी मुख्य स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवा. घासून थांबत असेल तर ब्रेक धरून बसला आहे. अशी गाडी म्हणजे खळ्यात दगड अडकवून ओढलेली बैलगाडी.

तीन, साखळी. मधोमध बोटाने वर-खाली केली तर साधारण पाऊण ते सव्वा इंच हलावी. रॉकेल किंवा डिझेलने पुसून गिअर ऑइल लावा. इंजिनातून काढलेले जळके ऑइल लावू नका. त्यात धातूचा कीस असतो आणि तो साखळी खातो.

चार, एअर फिल्टर. आपल्या पांदीच्या रस्त्यांवर धूळ फार. फिल्टर तुंबला की इंजिनाचा जीव गुदमरतो आणि ते पेट्रोल जास्त पिते. स्पंजाचा असेल तर धुऊन वाळवा, कागदाचा असेल तर बदला. तो काढून टाकून गाडी चालवणे म्हणजे इंजिनात माती पेरणे.

पाच, क्लच. क्लचच्या दांडीवर बोटे ठेवून गाडी चालवण्याची सवय मोडा. आणि वेशीवर कोणाशी बोलत थांबलात तर गाडी बंद करा. बोलणे लांबते, हे आपल्याला ठाऊकच आहे.

सहावी गोष्ट सायलेन्सरची. आवाज वाढला म्हणजे दर वेळी मुलाचाच खोडसाळपणा असतो असे नाही. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी नुसती डेअरीपर्यंत आणि परत अशी थोडी थोडी चालली तर ही वाफ सायलेन्सरात थंडावून साचते आणि आतून गंज धरतो. कित्येक सायलेन्सरांना खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असते, ते पाणी गळण्यासाठीच. ते बुजवू नका. इंजिनाजवळच्या सांध्यातली चकती, म्हणजे गॅस्केट, गेली असेल तरी आवाज वाढतो. ती स्वस्तात मिळते. आधी हे पाहा, मग मुलाला बोला.

आवाजाचे पैसे कोण भरतो?

पेट्रोलचे पैसे निदान घरचे घर भरते. आवाजाची किंमत मात्र दुसरेच भरतात. इथे पुन्हा बजाजनगरला जाऊ.

रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळी जेवून पडतो. खोली पत्र्याची, ऊन चढलेले, मूल रडते आहे, या सगळ्यातून त्याला दुपारपर्यंत पाच-सहा तास झोप काढायची असते. दिवसाची झोप आधीच सावध असते. खिडकीखालून एक फटाका सायलेन्सर गेला की ती मोडते, आणि एकदा मोडली की पुन्हा लागत नाही. रात्री तोच माणूस प्रेस मशीनपुढे उभा राहतो. प्रेसवर डोळा लागला तर बोट जाते. किंवा पहाटे तो मोटारसायकलवर गावाकडे निघतो आणि महामार्गावर त्याला डुलकी लागते. आवाज करणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, तो कधीच पुढे निघून गेलेला असतो. आणि उद्या रात्रपाळी त्याची स्वतःची असते, तेव्हा त्याच्या खिडकीखालून दुसरा कोणी जातो.

हे केवळ शहराचे दुखणे नाही. गावात गोठ्यात पाहा. धार काढताना अचानक मोठा आवाज झाला तर म्हैस दचकते आणि पान्हा चोरते. हे आपल्या आजीला ठाऊक होते. आता त्याचे कारणही माहीत आहे. भीतीने जनावराच्या रक्तात जे द्रव्य येते, ते दूध सोडवणाऱ्या द्रव्याचे काम थांबवते. लिटरभर दूध राहिले तर त्याचे पैसे गाडीच्याच खात्यावर लिहा. बाळंतीण, तान्हे मूल, हृदयाचे दुखणे असलेले म्हातारे माणूस, परीक्षेला बसलेली मुले, यांचा हिशेब तर पैशात होतच नाही.

आणि चालवणाऱ्याचे काय? कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे आणि कान झाकायला साधन देतात. डेसिबलचे माप असे की दहाने वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. कारखान्यात कान जपायचे आणि घरी येताना ते स्वतःच्या पैशाने बिघडवायचे, याला शहाणपण म्हणत नाहीत. गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही.

कायदा काय म्हणतो?

गाडी कारखान्यातून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा अशी आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८०. गाडी साडेसात मीटरवरून जाताना हे मोजतात. प्रत्येक वाहनाला आवाज दाबणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे, आणि तो ट्रॅक्टरलाही लागू आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. आवाज व धुराचे नियम मोडले तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि तीन महिने परवाना बाद, अशी तरतूद आहे. गाडीत परवानगीवाचून फेरफार केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘मालकाला’ हा शब्द पुन्हा वाचा. गावाकडे गाडीचे पुस्तक पुष्कळदा वडिलांच्या नावावर असते. नळी मुलाने बदलली तरी नोटीस वडिलांच्या नावाने येते. आणि मुलगा अठरा वर्षांच्या आतला असून गाडी चालवताना सापडला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच.

घरात कसे बोलावे?

दंडाची भीती घालून मुलगा घाबरेल, पटेल असे नाही. तो दिवसभर कोणाच्या तरी शिट्टीवर काम करतो. गाडीवर बसल्यावर आपण कोणीतरी आहोत असे त्याला वाटते. ती भावना खोटी नाही, तिला हिणवू नका. चारचौघांत बोलू नका. रविवारी त्याच्याबरोबर गाडीपाशी बसा आणि वही त्याच्याच हातात द्या. त्याला म्हणा, “बाबा, तूच मोज. मूळ सायलेन्सर लावून एक टाकी चालव, ह्या नळीवर एक टाकी चालव. जे निघेल ते लिही.” ज्या मुलाला कारखान्यात मायक्रोमीटरने शतांश मोजता येतो, त्याला हे सहज जमेल. स्वतः काढलेला आकडा माणूस टाळत नाही. आणि जे पैसे वाचतील त्यातले थोडे त्याला त्याच्या मनासारखे खर्चू द्या. चांगले हेल्मेट घेतले तर उत्तमच. ऐट मिरवायचीच असेल तर लिटरला ६५ जाणारी गाडी मिरवावी. गावातले चार जण विचारायला येतील, “कसं काय जमवलं रे?” असे आवाजाच्या गाडीला कोणी विचारीत नाही.

काळही शांत गाडीच्या बाजूने चालला आहे. ज्या चेतक स्कूटरने एका पिढीचा संसार ओढला, ती २०२० पासून विजेवर चालणारी झाली. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाजने सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली. या गाड्या आपल्या घरी कधी येतील ते येतील. तोवर दारात आहे ती गाडी आपली आहे.

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपल्या पूर्वजांनी मोटारसायकल न पाहताच केली. भरल्या विहिरीतून पाणी निघते तेव्हा आवाज होत नाही. चांगल्या इंजिनाचेही तसेच असते. शेजारच्या खोलीतला रात्रपाळीवाला जागा होऊ नये आणि आपल्या घरची खताची पिशवी चुकू नये, या दोन्ही गोष्टी एकाच सायलेन्सरने साधतात. तेव्हा या रविवारी वही काढा, टाकी भरा आणि पहिला आकडा लिहा.

पुढच्या वेळी याच गाडीच्या कर्जाविषयी बोलू. हप्ता ठरवताना व्याज सरळ धरले आहे की घटत्या रकमेवर, हे कसे ओळखावे, ते पाहू. तोवर गाडी सावकाश चालवा.